काउंटरपार्टला मराठीत काय म्हणतात

१२ ऑक्टोबर २००५, बुधवार

आजपासून जगाचं पान माझ्याकडे आलं. पान म्हणजे तिसऱ्या पानाचा खालचा अर्धा भाग, आणि जाहिरात आली की तोही कमी होतो. पण नागोरावकाका आज खुर्चीत सरळ बसून म्हणाले, "कहकशां, आतापासून जगाच्या बातम्या तू लिहायच्या. मले आता इंग्रजी पेपर वाचाचा कंटाळा येते."

दोन वर्षं मी 'अरुणाकाठ'मध्ये टायपिंग करते आहे. चार पानांचं साप्ताहिक. मी आर्णीत टाइप करते, सीडी यवतमाळच्या प्रेसला जाते आणि शुक्रवारी सकाळच्या एसटीने गठ्ठे येतात. काकाच संपादक, काकाच मालक, काकाच वार्ताहर. पहिलं पान कसलं असतं ते सगळ्या तालुक्याला माहीत आहे. दर आठवड्याला गावाचं नाव बदलतं, शेतकऱ्याचं नाव बदलतं, बातमी तीच आत्महत्येची. ते पान टाइप करताना माझे हात आपोआप चालतात आणि नंतर त्याची लाज वाटते. म्हणून मला तिसरं पान हवं होतं. कापसाचा भाव न्यूयॉर्कमध्ये कोण ठरवतं, अमेरिका तिथल्या शेतकऱ्यांना एवढं अनुदान कसं देते, हे कुणीतरी आर्णीला मराठीत सांगायला नको का?

मी विचारलं, "आणि नाव?"

"कोनाचं?"

"माझं. लेखाखाली."

काका म्हणाले, "'विशेष प्रतिनिधी' टाकू. नाईतर लोकं म्हनतीन, गॅरेजवाल्या मोहिउद्दीनची पोट्टी आता अमेरिकेले शिकवून राह्यली."

वाईट वाटलं. पण पान मिळालं.

घरी अम्मीला सांगितलं. ती भजी तळत होती. म्हणाली, "दुनिया की खबर लिखेगी? अच्छा. पहले दही लाके दे, इफ्तार का टाइम हो रहा." अब्बा हात धुवायला गेले.

१९ ऑक्टोबर, बुधवार

लेख झाला. बसस्टँडवर दुपारी नागपूरचा इंग्रजी पेपर मिळतो, त्यात छोटी बातमी होती. डिसेंबरात हाँगकाँगला जगातल्या व्यापारमंत्र्यांची मोठी बैठक आहे, आणि कापसाच्या प्रश्नावर भारताच्या अधिकाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या आपल्या 'काउंटरपार्ट्स'शी चर्चा केली. पुढे असंही होतं की माली देशातले शेतकरी, त्यांच्या भारतातल्या 'काउंटरपार्ट्स'प्रमाणेच, भाव पडल्याने अडचणीत आहेत.

शब्द नवीन होता, पण अर्थ लगेच लागला. क्रिकेटच्या कॉमेंट्रीत काउंटर-अटॅक म्हणतात. काउंटर म्हणजे विरुद्ध. पार्ट म्हणजे बाजू. विरुद्ध बाजूचा, म्हणजे विरोधक. डिक्शनरी काढायचीही गरज पडली नाही. बी.ए.ला इंग्रजी घेतल्याचा काहीतरी उपयोग!

मथळा दिला: 'कापसाच्या मैदानात भारतापुढे आफ्रिकेचे विरोधक'.

काकांनी प्रूफ हातात घेतलं, मग परत माझ्याकडे दिलं. "वाचून दाखव. चष्मा घरी राह्यला." हल्ली त्यांचा चष्मा सारखा घरी राहतो. मला वाटतं ते माझी परीक्षा घेतात, उच्चार ऐकतात. डोळे मिटून त्यांनी सगळा लेख ऐकला आणि म्हणाले, "दणकेबाज हाय."

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

छापून आला! विशेष प्रतिनिधी कोण, असं तीन जणांनी ऑफिसात येऊन विचारलं. मी टाइप करत बसले होते, मान वर केली नाही. पण हसू आवरत नव्हतं.

२६ ऑक्टोबर, बुधवार

आज काय झालं ते लगेच लिहायलाच हवं.

बाजार समितीच्या आवारात पूनमसिंगभाऊंची सभा होती. पूनमसिंगभाऊ तांड्यावरचे, पंचवीस एकर कापूस, आवाज असा की लाउडस्पीकरची गरज नाही. शेतकऱ्यांसाठी ते कलेक्टरच्या गाडीपुढे झोपलेले आहेत, त्यामुळे लोक त्यांचं ऐकतात. मी कागद-पेन घेऊन एका बाजूला उभी होते. त्यांनी खिशातून 'अरुणाकाठ' काढला आणि माझा लेख वाचला. माझा! शब्द न् शब्द!

मग पेपर उंच धरून म्हणाले, "आपन समजत होतो का अमेरिका एकटी आपल्या मुळावर उठली. हे पाहा! हे आफ्रिकेवाले आपले विरोधक हायेत! आपला भाव ह्यायनं पाडला! ह्यायचा कापूस आपल्या गिरणीत येऊ द्याचा काय?"

चारशे माणसं ओरडली, "नाई! नाई!"

माझ्या बातमीवर सभा! कुणी तरी वाचतंय, कुणी तरी हलतंय. घरी येऊन सांगितलं तर अब्बा म्हणाले, "ये अफ्रीकावालोंने हमारा क्या बिगाडा, बेटा?" त्यांना कापसाचं राजकारण कळत नाही.

२९ ऑक्टोबर, शनिवार

देवपुजारी सरांचं पत्र आलं. कॉलेजात त्यांनी मला दोन वर्षं इंग्रजी शिकवलं. काकांनी पाकीट माझ्याकडे दिलं, "वाच." मी मोठ्याने वाचायला लागले.

'आपल्या विशेष प्रतिनिधींना counterpart या शब्दाचा अर्थ ठाऊक नाही हे पाहून खेद झाला. त्याचा अर्थ विरोधक नसून समपदस्थ, म्हणजे दुसऱ्या ठिकाणी त्याच जागी असणारा. मंत्र्याचा counterpart दुसऱ्या देशाचा मंत्री, शेतकऱ्याचा दुसऱ्या देशाचा शेतकरी. या एका शब्दामुळे आपल्या बातमीचा अर्थ संपूर्ण उलटा झाला आहे. प्रतिनिधी महोदय माझे विद्यार्थी नसावेत अशी आशा करतो.'

मी डिक्शनरी काढली. होता. सरांनी सांगितलेलाच अर्थ स्वच्छ छापलेला होता.

म्हणजे त्या बातमीत लिहिलं होतं की मालीतला शेतकरी आपल्यासारखाच होरपळतोय. आणि मी चारशे माणसांना सांगितलं की तो आपला शत्रू आहे.

काकांनी टेबलावर बोटं वाजवली. मग म्हणाले, "चूक माहीबी हाय." मी म्हटलं, "तुमचा काय संबंध काका? लिहिलं मी." भला माणूस आहे म्हणून वाटून घेतात.

३१ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसला गेले नाही. रोजा आहे, डोकं दुखतं असं अम्मीला सांगितलं. दोन्ही खरं आहे. उद्या दिवाळी म्हणून या आठवड्याचा अंकच निघणार नाही. म्हणजे खुलासाही छापता येत नाही. आणि चूक गावोगाव फिरते आहे.

सोडून द्यावं का हे? टायपिंगमध्ये अर्थ चुकत नाही, फार तर वेलांटी चुकते.

६ नोव्हेंबर, रविवार

काल ईद झाली. शीरखुर्म्याची वाटी घेऊन काकांकडे गेले. त्यांच्या समोरच वाटी ठेवली तरी त्यांनी टेबलावर चाचपली, अर्धी सांडली. मीच हसले, "काका, घाई कशाची?"

तेवढ्यात फोन वाजला. मुंबईच्या एका संस्थेचा होता. आफ्रिकेतल्या मालीतून दोन कापूसकरी बायका हाँगकाँगच्या बैठकीला निघाल्या आहेत. वाटेत त्यांना विदर्भातल्या कापूसकऱ्यांना भेटायचं आहे. तीस तारखेला आर्णीत कार्यक्रम ठेवता येईल का?

काका म्हणाले, "येऊ द्या."

फोन ठेवला आणि मला सभेतलं ते 'नाई! नाई!' ऐकू यायला लागलं.

८ नोव्हेंबर, मंगळवार

ज्याची भीती होती तेच झालं. पूनमसिंगभाऊंना कळलं. चहाच्या टपरीवर त्यांनी जाहीर केलं, आफ्रिकेवाल्यांना काळे झेंडे दाखवणार. आर्णीत पाय ठेवू देणार नाही.

त्या दोघी बायका. हजारो मैलांवरून येणार. आपल्यासारखा कापूस पिकवणाऱ्या. आणि माझ्या एका शब्दामुळे आमच्या गावच्या वेशीवर काळे झेंडे.

काकांना म्हटलं, "या शुक्रवारी खुलासा छापू. माझ्या नावाने."

"'विशेष प्रतिनिधी'च लिहू ना. कायले जीव जाळतं?"

"विशेष प्रतिनिधीवर कोण विश्वास ठेवेल? ज्यानं चूक केली त्याचं तोंड लोकांना दिसलं पाहिजे."

"पोरी, पयल्यांदा नाव छापाचं, तेबी चुकीखाली?"

"हो."

त्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही, म्हणून मी हो समजले.

पण आता प्रश्न शब्दाचा. 'समपदस्थ' छापला तर कळणार कुणाला? रात्री जेवताना अब्बांना विचारलं, "समपदस्थ म्हणजे काय वाटतं?" अब्बा म्हणाले, "कोई दवा है क्या?"

९ नोव्हेंबर, बुधवार

शब्द सापडला!

आमच्या गॅरेजमागे राहणाऱ्या रुखमामावशी वेचणीला जातात. सकाळी त्यांच्याबरोबर वावरात गेले. मनात एवढंच होतं की कापसावर लिहायचं तर निदान कापूस वेचून पाहावा. कापूस टाकायला ओढणीची ओटी बांधली. दहा मिनिटांत बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी बोटं ओरबाडली. मावशी हसल्या, "मास्तरीण बाई, तुह्या हाताले पेनच बरा."

वीस-बावीस बाया होत्या. एकेक बाई पऱ्हाटीचं एकेक तास, म्हणजे कपाशीची एकेक ओळ, धरून पुढे सरकत होती. मावशी एकदम थांबल्या आणि मागे वळून ओरडल्या, "माही जोडीदारीण कुठी राह्यली वं?"

"जोडीदारीण कोण?"

"विमल. बाजूच्या तासावरची. तिचं तास येगळं, माह्यं येगळं. तिची ओटी तिची, माही माही. पन ते मागं राह्यली तं मले पुढं जाववत नाई. घडीघडी मान वळते."

मी तिथेच, पऱ्हाटीत, खाली बसले. मावशींना वाटलं चक्कर आली. पाणी पाजायला लागल्या.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

छापून आलं. इथे उतरवून ठेवते.

'चूक माझी आहे. २१ ऑक्टोबरच्या अंकात मी आफ्रिकेतल्या कापूसकऱ्यांना आपले विरोधक म्हटलं. मूळ इंग्रजी बातमीत शब्द होता काउंटरपार्ट. मी डिक्शनरी न बघता अर्थ लावला आणि बातमी उलटी झाली. बाजूच्या तासावर वेचणाऱ्या बाईला आपल्याकडे जोडीदारीण म्हणतात. तास वेगळं, ओटी वेगळी, पण वावर एक आणि ऊन एक. काउंटरपार्ट म्हणजे ती. मालीतली बाई आपल्या बाजूच्या तासावर आहे. कापसाचा भाव पडतो तेव्हा तिचाही पडतो. पाडणारा दुसराच आहे, आणि तो वेचणीला येत नाही. तिला मी शत्रू म्हटलं, याची मला लाज वाटते. ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सभेत ते वाचलं, त्यांचा यात काही दोष नाही. – कहकशां मोहिउद्दीन शेख'

काकांनी अंक हातात धरला, नावावर बोट फिरवलं. विचारलं, "ठळक टायपात हाय ना?" समोर तर होतं! मी म्हटलं, "हो काका, ठळक आहे." म्हणाले, "मंग ठीक."

१३ नोव्हेंबर, रविवार

नुसतं छापून भागणार नव्हतं. अब्बांची लूना घेतली आणि तांड्यावर गेले. पूनमसिंगभाऊ अंगणात खाटेवर होते. समोर 'अरुणाकाठ' घडी करून ठेवलेला. त्यांची म्हातारी आई दारात बसली होती.

"तूच का ते?" भाऊ म्हणाले. "मले वाटलं कोनी मानूस असंन."

"मीच."

"माहं हसं केलं तुवा. चारशे लोकायसमोर म्या ते वाचलं. आता कोन्या तोंडानं सांगू का चुकलो?"

"माझ्या तोंडाने सांगा. म्हणा, त्या पोरीने चुकीचं छापलं, मी विश्वास ठेवला. मी शेजारी उभी राहते."

"पोट्टीच्या मागं लपू?"

रडू येईल असं वाटलं आणि तेच नको होतं. म्हणून म्हटलं, "भाऊ, झेंडे दाखवायचेच तर मला दाखवा. ऑफिस बसस्टँडजवळ आहे. दिवसभर तिथेच असते."

तेव्हा त्यांची आई दारातून काहीतरी बोलली. त्यांच्या बोलीत, मला कळलं नाही. भाऊंचा चेहरा लाल झाला. मी विचारलं, "काय म्हणाल्या?" ते म्हणाले, "काई नाई. याडी म्हनते, पोरीले च्या पाज."

चहा मिळाला. शब्द नाही मिळाला. परत येताना लूना दोनदा बंद पडली.

१९ नोव्हेंबर, शनिवार

या आठवड्यात नऊ पत्रं आली! मारेगावहून एकाने लिहिलंय की त्याने लेख कापून जिनिंगच्या भिंतीवर चिकटवला. बोरी अरबच्या एका शाळेतून एक बाई लिहितात, 'मुलांना काउंटरपार्टचा अर्थ विचारला तर सगळ्यांनी बरोबर सांगितला.' देवपुजारी सरांची एक ओळ: 'प्रतिनिधी माझीच विद्यार्थिनी असल्याचे समजले. बरे वाटले.' ती ओळ मी पाच वेळा वाचली.

काका दोन दिवस नागपूरला लग्नाला गेले होते. काळा चष्मा लावून परत आले. म्हणे धूळ फार. अंक पूर्ण मीच लावला, मथळ्यांपासून. काका म्हणाले, "आता असंच करत जा."

पूनमसिंगभाऊंकडून काहीच नाही.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

उद्या. दुकानातून काळं कापड गेलंय, हे शिंप्याने सांगितलं. बारा मीटर.

३० नोव्हेंबर, बुधवार

सगळं लिहिते, एकही गोष्ट सुटायला नको.

अकराला जीप आली. बाजार समितीचं शेड भरलं होतं, बाहेर ट्रॅक्टरवर माणसं. आणि फाटकाशी पूनमसिंगभाऊ, मागे तीस-चाळीस जण, काठ्यांना काळी फडकी.

जीपमधून दोघी उतरल्या. एक तरुण, सडपातळ. दुसरी पन्नाशीची, उंच, डोक्याला पिवळाधमक रुमाल गुंडाळलेला. तिचं नाव फातुमाता. सोबत त्यांचा एक माणूस, तो त्यांचं बोलणं इंग्रजीत सांगायचा, आणि मराठीत सांगायला देवपुजारी सरांना बोलावलं होतं. सर पुढे झाले, "समव्यवसायी भगिनींनो" म्हणून सुरुवात केली. पण फातुमाताचं लक्ष फाटकाकडे. तिने काठ्यांवरची फडकी पाहिली, हसली, आणि सरळ तिकडेच चालायला लागली! तिला वाटलं स्वागताचे झेंडे आहेत.

मी धावले. सरही धावले, पण धोतर सावरत मागे राहिले.

फातुमाता पूनमसिंगभाऊंसमोर उभी राहिली आणि हात पुढे केला. भाऊंचे दोन्ही हात काठीवर. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझ्या डोक्यावरची ओढणी पाहून म्हणाली, "अस्सलामु अलैकुम."

"वालेकुम अस्सलाम," मी म्हटलं. सगळ्या दुभाष्यांच्या मधून एक वाक्य सरळ आरपार गेलं.

तिने सोबतच्या माणसाला काही विचारलं. त्याने मला इंग्रजीत विचारलं, हे काळे झेंडे कसले?

खोटं सांगता आलं असतं. इथली पद्धत आहे म्हणता आलं असतं. पण आता पुन्हा अर्थ बदलायचा नव्हता. मी सांगितलं. हे निषेधाचे झेंडे आहेत. मी वर्तमानपत्रात एक शब्द चुकीचा लिहिला आणि तुम्हाला शत्रू केलं. ही माणसं वाईट नाहीत. चूक माझी आहे.

त्याने तिला सांगितलं. ती गंभीर झाली. मग तिने मोठ्याने, भरभर सांगायला सुरुवात केली, तो इंग्रजीत सांगत गेला, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत:

"ती म्हणते, आमच्या गावातही रेडिओवर सांगितलं होतं की हिंदुस्थानात कापूस फार पिकतो, म्हणून आमचा कुणी घेत नाही. आमच्या बाया तुम्हाला शिव्या घालतात. मी निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, त्या हिंदुस्थान्यांना पाहून ये आणि सांग, कसे दिसतात."

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरा. पूनमसिंगभाऊ हसू दाबायला लागले आणि दाबता आलं नाही. म्हणाले, "इचार तिले, कसे दिसतो?"

विचारलं. फातुमाताने भाऊंना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मिशांवर जरा थांबली, आणि म्हणाली, "माझ्या थोरल्या दिरासारखे. तोही असाच ओरडतो."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. सगळा बाजार हसला. तेवढ्यात गर्दीतून रुखमामावशी घुसल्या. त्यांनी फातुमाताचा हात धरला, उलटा केला, बोटं पाहिली. बोंडाच्या टोकांचे बारीक ओरखडे, नखांच्या कडा फाटलेल्या. मावशींनी आपला हात शेजारी धरला आणि ओरडल्या, "वं माय! हे तं माही जोडीदारीण व्हय!"

हे मी इंग्रजीत सांगितलं. "शी इज युवर काउंटरपार्ट." एवढंच. फातुमाताने मावशींना मिठी मारली. सरांनी चष्मा काढून पुसला.

आणि पूनमसिंगभाऊ मागे वळून म्हणाले, "काढा रे ते फडके!"

मग ते शेडमध्ये गेले आणि माइकसुद्धा घेतला नाही. "म्या मागच्या सभेत चुकीचं बोललो. पेपरात चुकीचं होतं, म्या तपासलं नाई. ज्या पोरीनं चूक केली तिनं नाव टाकून कबूल केली. माह्या घरी एकटी आलती सांगाले. तिच्यासमोरच माही याडी म्हने, ह्या पोरीची हिंमत तुह्यात हाय का?" थांबले. "आज हाय."

असं म्हणाल्या होत्या होय त्या!

टाळ्या किती वेळ चालल्या मला माहीत नाही. पुढचे दोन तास मीच बोलत होते, इकडून तिकडे, तिकडून इकडे. सर स्वतःहून बाजूला बसले आणि शब्द अडला की हळूच सांगत होते. फातुमाता म्हणाली, अमेरिकेतल्या मोठ्या शेतमालकांना सरकार जे देतं त्यानं भाव पडतो, आणि हाँगकाँगात आम्ही ते बंद करा म्हणून ओरडणार आहोत. पूनमसिंगभाऊ म्हणाले, "मंग आमचंबी घेऊन जा."

संध्याकाळी अम्मीने दोघींना घरी जेवायला आणलं. अम्मीला इंग्रजी येत नाही, त्यांना हिंदी येत नाही. मी स्वयंपाकघरात पोळ्या करत होते आणि बाहेर तिघी हसत होत्या. कशावर, ते अजून कळलेलं नाही.

२ डिसेंबर, शुक्रवार

अंकाचं पहिलं पान. या वर्षात पहिल्यांदा पहिल्या पानावर माणसं हसताना छापली. फोटोखाली बातमी, बातमीवर माझं नाव.

कालचा दिवस पत्रात गेला. आर्णीच्या कापूसकऱ्यांकडून हाँगकाँगला. पूनमसिंगभाऊ सांगायचे, मी इंग्रजीत लिहायची, सर तपासायचे. सरांनी दोनच शब्द बदलले. तांड्यातांड्यातून सह्या आणि अंगठे आले, एक हजार एकशे सहा. फातुमाताने कागद पिवळ्या रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवले.

जाताना तिने मला विचारलं, तुमचा तो शब्द पुन्हा सांग. मी सांगितला. "जो-डी-दा-रीण," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडून तो इतका छान वाटला!

१६ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी ऑफिसात फोन वाजला. खरखर, मग इंग्रजी. फातुमातासोबतचा माणूस, हाँगकाँगहून! मी टेबलाशीच उभी राहिले, तार तेवढीच पोचत होती. समोर रस्त्यावर पूनमसिंगभाऊ मिरच्या घ्यायला आले होते, त्यांचा आवाज ओळखून काकांनी दारातून हाक मारली, "पूनमसिंग! इकडं ये! जगाचा फोन हाय!" बघता बघता ऑफिस भरलं, दारात माणसं, खिडकीत माणसं, अब्बा ग्रीसच्या हातांनी.

मी ऐकत होते आणि एकेक वाक्य मराठीत सांगत होते.

काल हाँगकाँगात हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला. कोरियाचे होते, आफ्रिकेचे होते. तिथे फातुमाता एका गाडीवर चढली आणि तिने आपल्या भाषेत आर्णीचं पत्र वाचलं. पूर्ण वाचलं. सगळ्या सह्या दाखवल्या. मग तिने लोकांकडून एक शब्द म्हणवून घेतला. कोरियाच्या लोकांना तो जमेना, तरी ते म्हणत होते. बैठकीत काय ठरेल ते अजून कुणाला माहीत नाही. पण आत बसलेल्यांना बाहेरचा आवाज ऐकू जातोय.

"कोनता शब्द?" पूनमसिंगभाऊ ओरडले. "इचार ना, कोनता शब्द म्हनवला?"

मला विचारावं लागलं नाही. आजही मोर्चा होता, रिसीव्हरमधून त्याचा गलका येत होता. मी रिसीव्हर गर्दीकडे धरला.

आत्ता रात्रीचे आठ वाजलेत. पूनमसिंगभाऊंनी डफडंवाले बोलावलेत, बसस्टँडसमोर माणसं नाचतायत, रुखमामावशी सगळ्यात पुढे. अब्बा माझ्याकडे पाहून नुसते मान हलवतायत. काका खुर्चीत बसून म्हणतात, "बाहेर काय काय चाललं ते सांग मले, एकेक सांग." मी सांगतेय आणि लिहितेय, दोन्ही.

बास. वही ठेवते. बाहेरून नाव घेऊन बोलावतायत.